परदेशी बिऱ्हाड हलवताना : तीन रकाने आणि एक तारीख

गेल्या महिन्यात इस्लामपूरहून आतेभावाचा फोन आला. त्याला जर्मनीत नोकरी लागलीय, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार. त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, सगळे मिळून किती लागतील गं?"

आम्ही चिंचवडहून श्टुटगार्टला आलो तेव्हा मीही हेच विचारत होते. ज्याला विचारावं तो एक आकडा सांगायचा. कुणी आठ लाख, कुणी पंधरा. एकाने तर "कंपनी सगळं देते, काही लागत नाही" असं सांगितलं होतं. त्या गृहस्थांच्या घरचा जमाखर्च बहुधा त्यांची बायको बघत असणार.

मी चिंचवडला एका पतसंस्थेत अकरा वर्षं खतावणी सांभाळली. त्याआधी लहानपणी आबांच्या किराणा दुकानात बसून रोजकीर्द लिहिली. तरी इथे येताना माझा मेळ बसला नाही. पैसे कमी पडले म्हणून नव्हे, ते होते. पण ज्या दिवशी हवे होते त्या दिवशी भलत्याच देशात होते. भावाला जे दीड तास फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते. आमचं गणित जर्मनीचं, तेही नोकरीवर येणाऱ्या कुटुंबाचं आहे. शिकायला येणाऱ्या मुलांचा हिशोब वेगळा. त्यांना वर्षाचे 11,904 युरो आधीच गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992 हातात येतात. त्यांच्या खर्चाला सरकारनेच कुंपण घालून दिलंय. आपल्याला ते स्वतः घालायचं असतं.

वहीला रकाने किती

खर्चाची यादी प्रत्येकजण करतो. तिकीट, व्हिसा, भाडं, कपडे, आणि खाली बेरीज. ही यादी फसवी असते, कारण तिच्यात विमानाचं तिकीट आणि घराचं डिपॉझिट एकाच रांगेत बसतात. तिकिटाचे पैसे गेले ते गेले. डिपॉझिट मात्र घर सोडेपर्यंत नुसतं अडकलेलं असतं. आबा दुकानात कधी अनामत रक्कम खर्चात धरायचे नाहीत. गॅस सिलिंडरची अनामत, कोल्ड्रिंकच्या क्रेटची अनामत, सगळ्याला वेगळं पान. ते पान मी विसरले होते.

तर वहीत तीन रकाने पाडा. गेले, अडकले आणि येणार. 'गेले'त खरा खर्च. 'अडकले'त डिपॉझिटं. 'येणार'त कंपनीकडून परत मिळायची रक्कम, कराचा परतावा, मुलांचा सरकारी भत्ता. आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडे तारीख. कोणत्या दिवशी पैसे हातातून सुटणार, कोणत्या दिवशी परत हातात पडणार. अंदाजे महिना चालणार नाही, दिवसच लिहा.

आमची वही उघडून दाखवते. नवरा 10 जानेवारी 2024 ला आला, मी आणि मुलगा 20 एप्रिलला. मुलाची पहिलीची परीक्षा व्हायची होती म्हणून मागे राहिलो. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता.

'गेले'मध्ये तिघांची विमानं 1,350 युरो, व्हिसा आणि कागदपत्रं 200, नवऱ्याची सामानासकट एक खोली तीन महिने मिळून 3,450, स्वयंपाकघर 1,200 (यावर पुढे येते), फर्निचर आणि दिवे 1,650, थंडीचे कपडे 450, आणि पहिला पगार येईपर्यंतचं जेवणखाण, प्रवास 600. झाले 8,900.

'अडकले'मध्ये त्या खोलीचं डिपॉझिट 1,000 आणि पुढच्या घराचं 3,450. झाले 4,450.

म्हणजे हातातून बाहेर पडले 13,350 युरो, त्यावेळचे बारा लाख रुपये. पण कंपनीने सामान हलवण्यापोटी 3,000 युरो बिलं घेऊन परत दिले. तेव्हा खरा खर्च 5,900, म्हणजे सव्वापाच लाखांच्या थोडा वर. आठ लाख सांगणारा आणि पंधरा लाख सांगणारा दोघेही खरं बोलत होते, फक्त वेगवेगळ्या रकान्यातून. खर्च सव्वापाच लाखांचा असला तरी हाताशी बारा लाख लागले, आणि कंपनीचे 3,000 मे महिन्याच्या पगाराबरोबर आले. खोलीचं डिपॉझिट जूनमध्ये. तोवर सगळं आपलंच.

ही जी मधली फट आहे, तिच्यासाठी गंगाजळी लागते.

पहिला पगार कधी

नवरा 15 जानेवारीला कामावर हजर झाला. आम्ही धरलं होतं की जानेवारीअखेर निम्मा पगार येईल. पण कंपनीच्या त्या महिन्याच्या पगारपत्रकाची मुदत आधीच उलटून गेली होती. जानेवारीचा निम्मा आणि फेब्रुवारीचा पूर्ण असा एकत्र पगार फेब्रुवारीच्या शेवटी आला. सात आठवडे बिनपगारी. ऑफर लेटर हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा, की माझा पहिला पगार कोणत्या तारखेला खात्यात पडेल. संकोच करू नका, जर्मन माणूस असल्या प्रश्नाला हसत नाही. उलट तारीख लिहून देतो.

दुसरी गोष्ट हातात येणाऱ्या आकड्याची. नवऱ्याचा पगार वर्षाला 65,000 युरो. बाराने भागलं की 5,400 दिसतात. हातात 3,400 च्या आतबाहेर पडायचे. आजारपणाचा विमा, पेन्शन, बेकारी विमा, शुश्रूषा विमा आणि वर आयकर. इथे करदात्यांचे सहा वर्ग असतात. एकटा माणूस वर्ग 1 मध्ये. बायको इथे राहायला आली आणि एकटाच कमावता असेल तर अर्ज करून वर्ग 3 घेता येतो. आमचा अर्ज मंजूर झाल्यावर महिन्याला साडेचारशेच्या वर फरक पडला. म्हणजे कुटुंब तीन महिने मागे ठेवण्याची किंमत फक्त दोन चुली नव्हती, जास्तीचा करही होता. तो नंतर वार्षिक विवरणपत्र भरल्यावर बराचसा परत आला, कारण वर्षातला काही काळ दोघं इथे असलो तरी नवरा-बायको मिळून विवरण भरता येतं. पण परत आला 2025 मध्ये. 'येणार' रकाना, तारीख पुढच्या वर्षाची.

लग्नाचा दाखला मात्र शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून हाताशी ठेवा. तो नसेल तर हे सगळं लांबतं.

एक घोळ अजून. इथे घराचा पत्ता पालिकेत नोंदवावा लागतो, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणी झाली की टपालाने करक्रमांक येतो, त्याला काही आठवडे लागतात. तो कंपनीला मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात कडक वर्गाने, सहाव्याने, कर कापला जाऊ शकतो. ओळखीच्या एकीचं तसं झालं. पुढे दुरुस्त होतं, पण पहिला महिना कोरडा जातो. आणि पालिकेला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणून तात्पुरती खोली घेताना "नोंदणीसाठी कागद देणार का?" हे आधी विचारा. स्वस्त खोली मिळाली पण मालक कागद देत नाही, असं असेल तर ती खोली महागच.

सात दिवस पैसे हवेत

आता माझी चूक.

कानश्टाट भागात तीन खोल्यांचं घर मिळालं, 1 एप्रिलपासून. भाडं 1,150, वर गरम पाणी, हीटर, जिना सफाई वगैरेचे 250. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे 3,450. पहिलं भाडं 1,400. आधीच्या भाडेकरूला स्वयंपाकघराचे 1,200. असे सहा हजारांच्या वर युरो एकाच आठवड्यात हवे होते. नवऱ्याने येताना कार्डावर आणलेले साडेपाच हजार खोलीत आणि खाण्यात बरेचसे संपले होते. बाकीचे पैसे माझ्या खात्यात, चिंचवडला.

मुदतठेव मोडून मी 27 मार्चला, बुधवारी सहा लाख पाठवले. मनात धरलं, तीन दिवसांत पोचतील. 29 ला गुड फ्रायडे. इकडेही बंद, तिकडेही बंद. मग शनिवार-रविवार. 1 एप्रिलला तिकडे ईस्टरचा सोमवार, आणि आपल्याकडे वर्षअखेरीच्या हिशोबासाठी बँका बंद! अकरा वर्षं मी स्वतः 1 एप्रिलला संस्थेत बसून ताळेबंद जुळवलाय, आणि तीच तारीख माझ्या लक्षात आली नाही. पैसे 3 एप्रिलला पोचले. मधले सात दिवस ते कुठे होते देव जाणे. नवऱ्याने ऑफिसमधल्या एका सोलापूरकराकडून दोन हजार युरो हातउसने घेतले. तीन महिन्यांची ओळख. आजही आमच्या घरून संक्रांतीचे पहिले तिळगूळ त्यांना जातात.

नंतर कळलं की ही धावपळ निम्मी तरी टळली असती. जर्मन कायद्याप्रमाणे घराचं डिपॉझिट तीन सारख्या हप्त्यांत देता येतं. पहिला हप्ता घर ताब्यात घेताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागताही येत नाही. मालक हे आपणहून सांगत नाहीत, का सांगतील? आपण विचारायचं. विचारलं म्हणून घर हातचं जाईल का, ही भीती खरी आहे, श्टुटगार्टात एका घराला रांगा लागतात. मी सांगेन, करार सही झाल्यावर विचारा.

तर पैसे पाठवण्याचे माझे नियम आता असे आहेत. दोन्ही देशांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर शेजारी ठेवायचं. ज्या दिवशी पैसे हवेत त्याच्या दहा दिवस आधी पाठवायचे. पहिल्यांदा थोडे पाठवून वाट मोकळी आहे का बघायचं, खातं नवं असलं की बँका प्रश्न विचारतात.

आणि कराचं भान. भारतातून बाहेर पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात एका पॅनवर ठराविक रकमेच्या वर गेलात की बँक वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. आम्ही आलो तेव्हा ती मर्यादा 7 लाख होती, एप्रिल 2025 पासून 10 लाख आहे. परदेशी चलनाचं कार्ड भरलं तरी ते यातच मोजलं जातं. नवऱ्याने त्याच्या पॅनवर पाच, मी माझ्या पॅनवर सहा असं केलं म्हणून आम्ही वाचलो. त्याच्या एका सहकाऱ्याने सगळे बारा लाख एकट्याच्या खात्यातून पाठवले आणि एक लाख अडकवून बसला. ते विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण ऐन गरजेच्या वेळी लाख रुपये सरकारजमा. असे सरळ पैसे पाठवायची सोय भारतात राहणाऱ्यांसाठीच असते. नोकरीसाठी देश सोडला की आपण अनिवासी, मग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागतं आणि पैसे बाहेर काढायला सनदी लेखापालाचा दाखला वगैरे वेगळे कागद. म्हणून पैसे हलवायचे असतील तर निघण्याआधीचा काळ सोयीचा.

इंटरनेटवर दिसणारा युरोचा दर आणि बँक लावते तो दर यात फरक असतो, वर सेवा शुल्क आणि जीएसटी. अंदाजपत्रकात मी नेहमी दिसणाऱ्या दरापेक्षा दोन-तीन रुपये चढा दर धरते. आम्ही आलो तेव्हा नव्वद होता, आता शंभरी ओलांडून गेला. भावाला त्याच कामासाठी माझ्यापेक्षा लाखभर रुपये जास्त लागणार, यात त्याची काहीच चूक नाही.

घरात दिवे नसतात

हे कुणीतरी सांगेल असं वाटलं होतं, कुणी सांगितलं नाही. जर्मनीत भाड्याचं घर रिकामं म्हणजे खरंच रिकामं. पुष्कळ घरांत ओटा नसतो, शेगडी नसते, सिंक नसतं. भिंतीतून पाण्याचा नळ आणि छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी. नवऱ्याने 2 एप्रिलला किल्ली घेतल्यावर व्हिडिओ कॉल केला, तो मोबाईलच्या टॉर्चवर. सासूबाई मागून म्हणाल्या, "घर घेतलंय की गोदाम?"

स्वयंपाकघर आधीचा भाडेकरू विकत देतो. ते घेणं बहुतेक वेळा परवडतं, कारण नवं करायचं तर पैसेही जास्त आणि बसवायला येणारा माणूस आठवड्या-आठवड्यांनी. आम्हाला 1,800 सांगितले होते, 1,200 ला पटलं. घासाघीस इथेही चालते, फक्त आवाज न चढवता. करारात कोणती वस्तू किती जुनी हे लिहून घ्या. आमचा डिशवॉशर तिसऱ्या आठवड्यात गेला आणि ते 'गेले'मध्येच गेलं.

जुन्या फर्निचरसाठी क्लाइनआन्त्साइगेन नावाचं संकेतस्थळ आहे. घर बदलणारे लोक जड सामान फुकटही देऊन टाकतात, फक्त "स्वतः येऊन न्या" ही अट. आमचं जेवणाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, मुलाची सायकल असं आलं. वाहतुकीला गाडी भाड्याने घ्यावी लागते, तेव्हा फुकट टेबल चाळीस युरोचं पडतं हे धरा. गादी मात्र नवी घ्या.

येताना बॅगेत काय आणायचं, हाही बजेटचाच भाग. आपला मिक्सर आणा. व्होल्टेज तेच आहे, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. इथले मिक्सर फळांचे रस काढायला चांगले, पण सुकं खोबरं-लसूण वाटायला घेतलं की वास येतो. कुकर आणा. चष्मा पुण्यातच करून आणा, जमलं तर दोन, कारण इथला सरकारी विमा मोठ्यांच्या साध्या चष्म्याचे पैसे देत नाही. दातांची कामं उरकून या, कॅप वगैरेला विमा पूर्ण पैसे देत नाही. जाड कोट मात्र तिथून आणू नका. मी लक्ष्मी रोडवर घेतलेला कोट इथल्या नोव्हेंबरला स्वेटरसारखा वाटला.

मुलांच्या लसीकरणाचं कार्ड मात्र हातातल्या पिशवीत. शाळा किंवा पाळणाघरात घालायला गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, दोन डोस. एकच झाला असेल तर निघण्याआधी दुसरा करून घ्या.

दर महिन्याचं, आणि वर्षाने येणारं

आलेल्यांची पहिल्या वर्षातली चूक म्हणजे भाडं एवढाच घरखर्च धरणं. करारात दोन आकडे असतात, काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटर-पाण्यासकट. 'वार्म' वाचून आपण समजतो सगळं आलं. वीज त्यात नसते, तिचा करार वेगळा. इंटरनेट वेगळं, आणि ते करार बहुधा दोन वर्षांचे, तेव्हा सही करताना मुदत बघा. मग एक दिवस टपालाने रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी घरटी महिना 18.36 युरो, तीन महिन्यांचे मिळून 55.08. पत्र खोटं आहे असं समजून आम्ही ते दोन महिने फ्रीजवर लावून ठेवलं. खरं असतं. भरा.

हे वार्मचे 250 युरो म्हणजे निव्वळ अंदाज असतो, हे समजायला मला दीड वर्ष लागलं. मालक दर महिन्याला उचल घेतो आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष किती गॅस, किती पाणी लागलं त्याचा हिशोब करतो. तो पाठवायला त्याला पुढचे पूर्ण बारा महिने असतात. आमचा 2024 चा हिशोब ऑक्टोबर 2025 मध्ये आला, 612 युरो बाकी. त्या वर्षी मुलाला सर्दी होती म्हणून मी हीटरचं बटण सगळ्यात वर, पाचावर ठेवून खिडकी तिरकी उघडी ठेवायचे, हवा खेळती राहावी म्हणून. शेजारच्या आजींनी शेवटी खाणाखुणांनी समजावलं. हीटर बंद कर, सगळ्या खिडक्या सताड उघड, पाच मिनिटं, मग लावून टाक, दिवसातून दोन-तीनदा. तिरक्या खिडकीने हवा फारशी बदलत नाही, भिंत गार होते आणि त्यावर बुरशी धरते. बुरशी धरली की घर सोडताना डिपॉझिटला कात्री. म्हणजे एका खिडकीची किंमत दोन रकान्यांत. आता मी दर महिन्याला पन्नास युरो 'हीटर' नावाने बाजूला टाकते. हिशोबात बाकी निघाली नाही तर डिसेंबरची मेजवानी.

घरमालकीण बाईंनी पाठवलेला हिशोब डोळे झाकून मान्य करू नका, बिलं बघायचा हक्क असतो. आमच्या 612 मध्ये चूक नव्हती, पण मी बघितली. सवय.

प्रवासाला देशभर लोकल गाड्या, बस, ट्रामला चालणारा मासिक पास आहे. 2024 मध्ये 49 युरो होता, 2025 मध्ये 58 झाला, जानेवारी 2026 पासून 63. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवलं तर पुढच्या महिन्यापासून बंद करता येतो, म्हणून भारतात सुट्टीला जाताना बंद करा. बऱ्याच कंपन्या यात थोडी सूट देतात. गाडीचं स्वप्न थोडं लांबवा. भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, आणि शिकवणीचे तास धरून दोन-तीन हजार युरो सहज. आमच्याकडे अजून सायकलीच आहेत.

शाळा सरकारी आणि फुकट. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा तयारीचा वर्ग असतो, मुलगा त्यात बसला आणि सहा महिन्यांत मला दुकानात दुरुस्त करायला लागला. पण दुपारनंतर मूल सांभाळणं आणि शाळेतलं जेवण यांचे पैसे पडतात. ते आधी गावाच्या पालिकेच्या पानावर बघा. पाळणाघराचे दर राज्याराज्यात आणि गावागावात फार वेगळे, बर्लिनचं ऐकून श्टुटगार्टचं बजेट करू नका.

'येणार' रकान्यातली गोड ओळ म्हणजे किंडरगेल्ड. प्रत्येक मुलामागे सरकार महिन्याला पैसे देतं. आम्ही आलो तेव्हा 250 होते, 2026 मध्ये 259. पण अर्ज करावा लागतो, त्याला मुलाचा करक्रमांक लागतो, आणि मागचे पैसे फक्त सहा महिन्यांपर्यंतचेच मिळतात. आमचे पहिले पैसे ऑगस्टमध्ये आले, आधीच्या महिन्यांसकट. एकाने "बघू पुढे" म्हणत वर्ष घालवलं, सहा महिने बुडाले.

आणि एक छोटा विमा, दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा. कुटुंबाला वर्षाला सत्तर-ऐंशी युरो. घराची किल्ली हरवली तर पूर्ण इमारतीची कुलपं बदलायचा खर्च तुमच्या डोक्यावर येऊ शकतो. आम्ही तो किल्ली हरवण्याच्या आधी घेतला. आयुष्यात एक गोष्ट वेळेवर झाली.

चिंचवडचं पान

इथला हिशोब मांडताना मागचं पान कोरं राहतं. तिथला खर्च आपण आलो म्हणून थांबत नाही. आमचं चिंचवडचं घर आम्ही भाड्याने दिलं, 18,000 रुपयांना, हप्ता 23,000. पाच हजारांची तूट मी धरली होती. पण मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. आमच्या भाडेकरूने आधी "वहिनी, हे काय लचांड लावलं" म्हणून घर सोडायची भाषा केली. शेवटी आमच्या सीएंनी त्याचं काम करून दिलं, फी आम्ही भरली. हातात येतात 12,384. कापलेले 5,616 वर्षाने विवरणपत्र भरून परत मागायचे, आमचं भारतातलं उत्पन्न थोडं असल्याने बरेचसे मिळतात. तूट पाच हजारांची नव्हे, साडेदहा हजारांची.

सासूबाईंच्या आरोग्यविम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, एलआयसीच्या तारखा, हे सगळं एका पानावर महिन्यांप्रमाणे लिहा. जुना पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, नवा मात्र उघडता येत नाही. आणि भारतातलं सिमकार्ड जिवंत ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. माझं सिम पहिल्या वर्षी रिचार्ज विसरल्याने बंद पडलं, आणि मुदतठेवीचं नूतनीकरण अडीच महिने लोंबकळलं. चारशे रुपयांच्या रिचार्जपायी.

एक मनाचा हिशोबही सांगते, कारण तो वहीत उतरतो. पहिले तीन महिने मी प्रत्येक वस्तूला नव्वदने गुणायचे. कोथिंबिरीची मूठभर जुडी दीडशे रुपये! ती न घेता मी परत यायचे आणि आमटी बेचव व्हायची. पुढे मी रुपयाऐवजी पगाराच्या भाषेत बघायला लागले, महिन्याच्या मिळकतीतला कितवा हिस्सा. तसं बघितलं की कोथिंबीर स्वस्त होते आणि बाहेरचं जेवण महाग राहतं. केस कापणं तर फारच महाग. नवऱ्याचे केस आता मीच कापते. तो व्हिडिओ कॉलला टोपी घालून बसतो.

भावाने काल त्याची यादी पाठवली. छान केलीय, रंगबिरंगी, खाली बेरीज. मी ती तीन रकान्यांत फोडून परत पाठवली आणि तारखेची जागा रिकामी ठेवली, ती त्याने भरायची. शेवटी माझ्याकडून एक ओळ वाढवली. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी, रविवार पेठेतून, निघायच्या आदल्या आठवड्यात. रक्कम किरकोळ आहे, पण पहिल्या खेपेला मी विसरले होते आणि चार महिने भात पातेल्यात शिजवला.